बेसमेंट टूमधलं राष्ट्रगीत

आखातातल्या माझ्या पहिल्या बॉसने इंटरव्ह्यूत मला डिग्री विचारली नाही, अनुभव विचारला नाही, नोटीस पीरियडसुद्धा विचारला नाही. "गुड मॉर्निंग, सर," म्हणत मी आत शिरलो, तसा त्याने हात वर केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. "अजून एकदा. घाबरू नकोस." तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्याने माझ्या सीव्हीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि कागद एचआरच्या बाईंकडे सरकवला. दोन वर्षांनी काही कामासाठी माझी फाइल हातात आली, तेव्हा मी तो कोपरा मुद्दाम पाहिला. एकच शब्द होता. बॅरिटोन.

तो वेल्सचा होता, इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेल्या छोट्याशा देशाचा. आमचं ऑफिस दुबईत शेख झायेद रोडवरच्या एका टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. बांधकामाची मोजमापं काढायची, टेंडरं तपासायची, हे काम. ऑफिसात नव्याने आलेल्या कुणी त्याला चुकून 'इंग्लिश' म्हटलं की तो एक शब्दही न बोलता व्हाइटबोर्डपाशी जायचा आणि बोर्डभर नकाशा काढायचा. "हे आम्ही." मग शेजारी लिंबाएवढा एक गोळा. "आणि हे इंग्लंड." आयुष्यभर मिलिमीटरवरून कंत्राटदारांशी भांडलेला हा माणूस आपल्या देशाचा नकाशा मात्र कुठल्याही स्केलशिवाय काढायचा.

मी त्याला इथे 'तो' म्हणतोय, कारण आमचं बोलणं सगळं इंग्रजीत चालायचं आणि इंग्रजीने आम्हाला पहिल्याच दिवशी एका पातळीवर आणून ठेवलं होतं. माझ्या वडिलांपेक्षा तो दोनच वर्षांनी लहान. मराठी असता तर मी त्याला 'अहो' म्हटलं असतं आणि त्याच्याशी इतकं मोकळं कधी बोललो नसतो.

टेंडर वाचताना तो गायचा. गुणगुणायचा असं मी म्हणत नाही. दार बंद केलं तरी कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू येईल असा गायचा. 'पायातलं काँक्रीट', 'पायातली खोदाई', 'बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर', असल्या याद्या तो चर्चमधल्या प्रार्थनेसारख्या लांबवत म्हणत जायचा आणि मध्येच थांबायचा. "इथे चाल अडली. इथे काहीतरी चुकलंय." आम्ही आधी हसायचो. एकदा अशीच चाल अडली आणि शोधल्यावर कळलं, की एका तीन मजली शाळेच्या अख्ख्या यादीत जिनाच धरलेला नाही. तेव्हापासून आम्ही हसणं बंद केलं.

माणसं तो आवाजावरून लक्षात ठेवायचा. त्याच्या लेखी पुरुषांचे आवाज चारच, वरून खाली: फर्स्ट टेनर, सेकंड टेनर, बॅरिटोन आणि सगळ्यात खालचा बेस. त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या ड्रायव्हरच्या नावापुढे 'सेकंड टेनर' लिहिलेलं होतं, आणि ज्याच्याशी त्याचं वर्षभर कोर्टापर्यंत भांडण गेलं त्या कंत्राटदाराच्या नावापुढे 'उत्तम बेस, वाया गेलेला'. लिफ्टमध्ये आम्ही चार पुरुष झालो की तो आनंदाने हात चोळायचा. "चार झाले. एवढे पुरतात." बाकीचे तिघे घाईघाईने मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

"गाता येत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही," तो म्हणायचा. "ज्यांना कुणी गायला सांगितलंच नाही, असे मात्र पुष्कळ भेटले."

मी त्याला म्हटलं, की मी तिसऱ्या प्रकारचा आहे. मला गाऊ नकोस असं सांगितलं गेलंय. पुण्यात शाळेच्या गॅदरिंगला समूहगीतात मी पहिल्या रांगेत होतो. तालमीत बाई माझ्यापाशी आल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "तू फक्त ओठ हलव हं, बाळ." त्यानंतर मी आयुष्यभर ओठच हलवत आलो होतो. लग्नात, आरतीला, इथल्या मंडळाच्या गणपतीत, सगळीकडे.

हे ऐकून तो खुर्चीतून उठलाच. "त्या बाईंचा पत्ता आहे?"

"कशाला?"

"पत्र लिहितो."

त्याला शांत करायला मला दहा मिनिटं लागली.

रिटायर व्हायला वर्ष राहिलं, तेव्हा त्याने आपली इच्छा जाहीर केली. एक मार्चला वेल्सच्या लोकांचा सण असतो. त्या दिवशी दुबईतली वेल्सची मंडळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये जमून दुपारचं जेवतात आणि आधी राष्ट्रगीत म्हणतात. पण अलीकडे माणसं कमी झालेली, गाणारी त्याहून कमी, त्यामुळे मोबाइल स्पीकरला जोडून रेकॉर्डिंग लावायचं आणि त्यामागे पुटपुटायचं असं चाललेलं. "तीस वर्षं मी या वाळूत काढली," तो म्हणाला. "जायच्या आधी एकदा मला ते माणसांच्या गळ्यातून ऐकायचंय. चार आवाजांत."

"पण माणसं कुठून आणणार?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आम्ही अकरा जण जमलो. त्यात वेल्सचा तो एकटा. बाकी आम्ही मराठी, मल्याळी, पंजाबी, एक लेबनीज आर्किटेक्ट आणि दोन फिलिपिनो ड्राफ्ट्समन. आमचा खरा आधार होता कोट्टायमचा अकाउंटंट. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेला, त्यामुळे चार आवाज म्हणजे काय हे फक्त त्यालाच माहीत होतं. तालमीची जागा बॉसनेच हेरली होती: बेसमेंट टू. दुपारी एक वाजता पार्किंगचा तो मजला निम्मा रिकामा असायचा, बुटक्या छतामुळे आवाज घुमायचा, आणि डबे खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं उरायची.

तिसऱ्या दिवशी सिक्युरिटी गार्ड आला. पेशावरकडचा, दारातून वाकून येईल असा उंच माणूस. "साहब, ये इधर अलाउड नहीं है. कंप्लेंट आया है. बस, खलास."

बॉसने डोळे मिटले. "त्याला सांग, पुन्हा म्हण."

मी सांगितलं. गार्डला वाटलं साहेब उलट बोलतायत, म्हणून तो अजून चढ्या आवाजात म्हणाला, "खलास!"

"फर्स्ट टेनर," बॉस हळूच म्हणाला, जणू पार्किंगमध्ये कुणाची हरवलेली अंगठी सापडली होती. आणि मग, "तो ख ऐकलात?"

वेल्श भाषेत घशातून घासत येणारा एक ख आहे. आम्ही दोन दिवस त्याच्याशी झगडत होतो. माझा साधा 'ख' निघायचा आणि फिलिपिनो ड्राफ्ट्समनांचा 'क'. या गार्डच्या तोंडात तो जन्मजात होता. बॉसने बिल्डिंग मॅनेजमेंटला अर्ज केला, 'बेसमेंटमधील ध्वनिचाचणीसाठी रोज पंधरा मिनिटे', आणि परवानगी मिळवली. गार्ड मात्र आमच्यात उभा राहिला नाही. ड्युटीवर होता ना. तो रँपच्या तोंडाशी, गाड्यांवर नजर ठेवून उभा राहायचा आणि तिथून गायचा. सगळ्यात वरचा सूर रँपवरून खाली यायचा.

आपल्याकडे समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. इथे प्रत्येक गटाची चाल वेगळी. आम्हा बॅरिटोनवाल्यांची तर इतकी रटाळ, की दोन-तीन सुरांच्या पलीकडे ती जातच नव्हती. मी ती गाडीत म्हणायचो, अंघोळीत म्हणायचो. बायको दाराबाहेरून विचारायची, "बरं वाटतंय ना तुला?" शब्द मी देवनागरीत लिहून घेतले होते. वेल्श उच्चार इंग्रजी अक्षरांपेक्षा देवनागरीत नीट बसत होते, म्हणून माझ्या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या. अर्थ बॉसने सांगितला. त्या गीतात राजा नाही, राणी नाही. कवी आणि गाणारे आहेत, देशासाठी पडलेले आहेत, आणि शेवटी एकच मागणं: ही जुनी भाषा टिकू दे.

"राष्ट्रगीतात भाषेसाठी मागणं?" लेबनीज आर्किटेक्ट म्हणाला.

"आमच्याकडे मागण्यासारखं दुसरं काय उरलं होतं?" बॉस म्हणाला.

दोन आठवडे आम्ही गटागटाने वेगवेगळं म्हटलं. मग एका दुपारी त्याने सगळ्यांना गोल उभं केलं, हात उचलला आणि चारही आवाज एकदम सुरू झाले. ते मला नीट सांगता येणार नाही. माझी तीच रटाळ ओळ, तिच्या खाली बेसवाल्यांचा आवाज पायाखालच्या जमिनीसारखा, वर अकाउंटंट, त्याच्याही वर रँपवरून गार्ड. मी जो सूर धरला होता तो माझा एकट्याचा नव्हताच, तरी मी सोडला असता तर मधेच भोक पडलं असतं. छातीच्या आत काहीतरी थरथरत होतं, मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसं. मी खिसा चाचपून पाहिला, मोबाइल वर ऑफिसात टेबलावर होता.

बॉस रडत होता. तो नेहमीच रडायचा, दुसऱ्या ओळीपासून सुरुवात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही घाबरून थांबलो होतो. "थांबू नका," तो नाक पुसत ओरडला होता. "हे गळणारच. पाइपच जुना आहे." त्या दिवशी मात्र गाणं संपल्यावर कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. पजेरो काढायला आलेली एक बाई गाडीची किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली होती.

एक मार्च शनिवारी आला. आम्ही बारा जण, गार्डने सुट्टी टाकलेली, पांढरे शर्ट घालून हॉटेलवर गेलो. आत शिरलो आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या मंडळात असतं तेच सगळं: छातीवर बॅज लावलेले कमिटीचे लोक, किंचाळणारा माइक, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवरून चाललेली कुजबुज, आणि कार्यक्रमाआधीच जेवायला बसलेली पोरं. वेगळं एवढंच, की बऱ्याच जणांनी कोटाला पातीच्या कांद्याच्या थोरल्या भावासारखी एक भाजी टाचली होती. लीक म्हणतात तिला. ती त्यांची राष्ट्रीय खूण.

आम्ही उभे राहिलो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जरा कौतुक होतं, पाहुण्यांच्या मुलांचा नाच बघताना असतं तसं. बॉसने हात उचलला. दुसऱ्या ओळीला कौतुक गेलं. तिसऱ्या ओळीला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, सगळे उठले. ध्रुवपदाला पूर्ण हॉल गात होता. समोरच्या टेबलावर एक ऐंशीच्या घरातली बाई वॉकर सोडून, दोन्ही हात टेबलावर टेकून गात होती. मी आजवर कितीतरी राष्ट्रगीतांना सरळ उभा राहिलोय. त्या दिवशी कळलं, की नुसतं उभं राहणं किती कमी आहे.

नंतर लोकांनी आम्हाला घेरलं. त्यात एक तरुण मुलगी होती, शाळेत शिकवणारी, नुकतीच वेल्सहून आलेली. डोळे भरलेले. ती घाईघाईने बॉसशी वेल्शमध्ये काहीतरी बोलली आणि हसून उत्तराची वाट पाहत राहिली.

बॉसच्या कानापासून मानेपर्यंत लाली चढत गेली. आम्हाला वाटलं, भरून आलंय.

"सॉरी, बेटा," तो शेवटी इंग्रजीत म्हणाला. "मला येत नाही."

"अय्या, सॉरी! मी काही विशेष नाही विचारलं," ती गडबडून इंग्रजीवर आली. "गाव कुठलं तुमचं, एवढंच."

आम्ही अकराच्या अकरा जण एकमेकांकडे बघत राहिलो. इतके दिवस जो आमचे उच्चार घासूनपुसून घेत होता, त्याला आपलं गाव विचारलेलं कळलं नव्हतं.

परत येताना तो माझ्या गाडीत होता. गाणं नाही, गुणगुणणंसुद्धा नाही. वाटेतला एक मॉल मागे गेला तेव्हा तो बोलायला लागला. "आजी आणि आई स्वयंपाकघरात वेल्शमध्येच बोलायच्या. मी आत आलो की बंद, इंग्रजी सुरू. मला वाटायचं, ही मोठ्यांची काहीतरी भानगड असणार. सिगरेटसारखी. मोठा झालो की मिळेल." मग म्हणाला, "आईला वाटायचं, इंग्रजी चांगलं आलं तर पोराला चांगली नोकरी लागेल. आणि लागली की!" त्याने काचेतून बाहेरच्या टॉवरांकडे हात केला. त्यातल्या दोन-तीन टॉवरांची मोजमापं त्याचीच होती. "तिचं चुकलं असं म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे."

अल बर्शातल्या आमच्या घरी आठ वर्षांची मुलगी होती. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आम्हालाही तिची नोकरी दिसत होती.

पुढच्या शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला, येताना लीकची जुडी घेऊन. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली आणि बेसन लावून झुणका केला. त्याने तीनदा घेतला. मुलीला मी सगळी हकीकत सांगितली होती. ती त्याच्यासमोर बसली आणि थेट म्हणाली, "बट व्हाय डू यू क्राय, इफ यू डोन्ट नो व्हॉट इट मीन्स?"

बायकोने डोळे मोठे केले. त्याने मात्र घास खाली ठेवला आणि प्रश्न नीट तोलला. "अर्थ मला कळतो," तो म्हणाला. "शब्द काय म्हणतात ते कळत नाही. तुझं कसं? तुला तुझी भाषा येते?"

"सॉर्ट ऑफ."

"मग मला एखादा अवघड आवाज शिकव. इंग्रजीत नसलेला."

मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "केळं म्हण." मुलगी म्हणाली, "केलं." तिलाही येत नव्हता, हे आम्हा दोघांना त्या क्षणी कळलं. मग बायकोने दोघांना समोरासमोर बसवलं. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, आता सोडा. ळ. काळा, गोळा, नळ. त्या बदल्यात त्याने वेल्शचा एक ल शिकवला: जीभ ल म्हणताना असते तिथे ठेवायची आणि बाजूने हवा सोडायची, मांजर फिस्कारतं तशी. अर्धा तास आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर वळत आणि फिस्कारत होतो. मुलीला ळ आधी जमला. ती खुर्चीवर चढून ओरडली, "आई, मला आला! अंकल, तुम्हाला नाही आला!" आख्खं वाक्य मराठीत, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. आम्हीही आणून दिलं नाही.

त्याच महिन्यात त्याने ऑनलाइन क्लास लावला. पासष्टीला आलेला माणूस, दुपारी एकला हेडफोन लावून 'मी भाकरी खातो, तू भाकरी खातोस' म्हणत बसायचा. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची, फार कडक. त्याचा गृहपाठ अकाउंटंटकडून तपासून घ्यायचा प्रयत्न व्हायचा, ज्याला वेल्श मुळीच येत नव्हतं. आमच्या तालमी आता आठवड्यातून एकदाच व्हायच्या, त्याही मध्येच तुटायच्या. एकदा ऐन ध्रुवपदात त्याने हात खाली केला. "थांबा! हे क्रियापद आहे!" पार्किंगभर आवाज घुमला. "लहानपणापासून मला वाटत होतं, हा कुणीतरी शूर माणूस आहे. लढाईत मेलेला. मी साठ वर्षं त्याच्यासाठी रडतोय!" आणि हसता हसता खरंच एका गाडीच्या बॉनेटवर टेकला. तिचा अलार्म वाजायला लागला.

तो रिटायर होऊन परत गेला त्याला आता दोन वर्षं होतील. वेल्समध्ये, आजीच्या गावापासून जवळच, त्याने लहानसं घर घेतलंय. आम्ही अजून महिन्यातून एखाद्या दुपारी बेसमेंटमध्ये जमतो. नव्या बॉसला आम्ही ते ध्वनिचाचणी म्हणूनच सांगितलंय. गार्ड आता सुपरवायझर झालाय, त्यामुळे तो गोलात उभा राहतो. आणि मंडळाच्या गणपतीत मी आवाज सोडून आरती म्हणतो. शेजारचे एकदोनदा वळून बघतात. बघू देत.

गेल्या सोमवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनभर त्याचं लाल नाक. "ऐक, ऐक," तो धापा टाकत म्हणाला. "काल सकाळी चहा करत होतो. रेडिओ लावलेला, वेल्श स्टेशन. मी आपला नेहमीसारखा, आवाज कानावर पडू दे म्हणून. आणि एकदम मला कळलं! मनातल्या मनात इंग्रजी करावं लागलं नाही. सरळ कळलं. बाई म्हणाली, आज दुपारनंतर पाऊस."

"वा!" मी म्हटलं. बायको आणि मुलगीही येऊन माझ्या खांद्यावरून डोकावत होत्या. "मग पडला पाऊस?"

"छे! दिवसभर लख्ख ऊन," तो म्हणाला. "पण मी छत्री घेऊनच फिरलो. दुकानात, बसमध्ये, चर्चमध्ये. सगळे विचारत होते, अरे, छत्री कशाला? मी प्रत्येकाला सांगितलं, मी स्वतः ऐकलंय."